हेझलरिजचे पहिले मास्तर

वॉशिंग्टन
१० ऑक्टोबर १९८१

ती. एल्मिरा आत्यास,
कॉर्लिसचा शि. सा. न. वि. वि.

पीचचा मुरंबा सुखरूप पोचला. बाटल्या तू गावच्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्यास, त्यावरून कळलं की हेझलरिजच्या फुटबॉल संघाने यंदाही मार खाल्ला. एक बाटली प्रयोगशाळेत नेली. आता तिथल्या मैत्रिणी रोज तुझी चौकशी करतात, माझी कुणी करत नाही.

आता कामाचं. पणजोबांच्या नावाचा दगड शाइलो चर्चच्या अंगणात बसवायचा ठरलाय आणि कोरण्याआधी एखादा सरकारी कागद हाती असावा असं पाद्री मॅबरींचं म्हणणं, म्हणून तू मला दफ्तरखान्यात धाडलंस. गेले पाच शनिवार मी तिथेच असते. गुलामी सुटल्यावर आपल्या माणसांसाठी सरकारने जे खातं काढलं होतं, त्या ब्युरोचे कागद आता फिल्मवर आहेत. अंधाऱ्या खोलीत यंत्राचा दांडा फिरवत बसायचं, की अक्षरं डोळ्यांपुढून सरकत जातात. दुपारपर्यंत डोकं गरगरतं.

पणजोबा सापडले. जानेवारी १८६७चा शेतमजुरीचा करार आहे. नाव होझिया टॉलिव्हर, वय एकोणचाळीस. पण सहीच्या जागी फुली आहे, आणि शेजारी कारकुनाने लिहिलंय की ही त्याची निशाणी. मी मनाशी म्हटलं, असेल, मालकासमोर लिहिता येतं हे दाखवणं त्या काळी धोक्याचंच होतं.

पण त्यापुढे हेझलरिज शाळेचे महिन्याचे तक्ते निघाले, नोव्हेंबर १८६७पासून सप्टेंबर १८६८पर्यंतचे. मुलं एकतीस, बाकं चार, पाट्या नऊ. खाली शिक्षकाची सही आहे, डी. टॉलिव्हर. अक्षर बारीक आणि सुबक, उजवीकडे कललेलं. अकराही तक्त्यांवर तीच सही. एच. नाही, डी.

आत्या, आपल्यात डी. कोण होतं? तुला ठाऊक असेल तर कळव, म्हणजे पुढच्या शनिवारी कुठे शोधायचं ते समजेल.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया अशीच बाटल्या भरभरून येत राहो.

तुझी,
कॉर्लिस


हेझलरिज, जॉर्जिया
१९ ऑक्टोबर १९८१

चि. कॉर्लिस हिस,
एल्मिरा आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र सोबत परत पाठवत आहे. त्यात तीन चुका आहेत, लाल शाईने दाखवल्या आहेत. सदतीस वर्षांची झालीस तरी स्वल्पविराम कुठे द्यावा हे तुला उमगू नये, याचा दोष मी तुझ्या बापाला देते. माझा भाऊ असूनही तो कधी माझ्या वर्गात बसला नाही.

आपल्यात डी. नावाचं कुणी नव्हतं. माझे वडील होझिया आजोबांच्या पाच मुलांतले तिसरे. पाचांची नावं मला पाठ आहेत, त्यात एकही डी. नाही. या भागात टॉलिव्हर काही आपणच नव्हतो. त्या मळ्यावरचे निम्मे लोक मालकाचंच आडनाव लावत. तू दुसऱ्याच कुणाच्या मागे लागली आहेस. आणि फुलीचं तू लिहिलंस तेच खरं असणार. शहाणा माणूस मालकासमोर अडाणीच राहतो.

आजोबांना मी पाहिलेलं नाही, ते १८९४ साली गेले. पण मी लहान असताना ज्यांनी त्यांना पाहिलं होतं अशी वीसेक म्हातारी माणसं गावात होती. त्यांतलं एकही त्यांना होझिया म्हणत नसे. मास्तर म्हणत. माझ्या वडिलांना मास्तरांचा मुलगा म्हणत आणि मला मास्तरांची नात. मी शिकवायला उभी राहिले त्या पहिल्या दिवशी मिसेस ग्रीअर नावाच्या एक आजी नुसत्या मला बघायला काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, रक्त बोलतंच. एवढी सगळी माणसं काय खोटं बोलत होती?

दगडवाल्याने आराखडा पाठवला आहे. होझिया टॉलिव्हर, या गावचे पहिले शिक्षक, आणि खाली साल. चर्चच्या समितीला तो पसंत आहे. मे महिन्यात समारंभ ठेवायचं घाटतंय. तेव्हा नीट शोध आणि एच.ची सही काढ.

सकाळी हवेत गारवा असतो. कोलार्डच्या पालेभाजीची पानं गोड व्हायला अजून एक दहिवर पडायला हवं. तू नाताळला आलीस तर मिळतील.

शुद्धलेखन सुधार, म्हणजे आशीर्वाद दुप्पट होतील.

तुझी आत्या,
एल्मिरा


वॉशिंग्टन
२ नोव्हेंबर १९८१

ती. आत्यास,
कॉर्लिसचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. स्वल्पविराम मोजून घातले आहेत, तेव्हा निदान त्यावरून रागावू नकोस.

१८८०ची शिरगणती पाहिली. होझिया टॉलिव्हर, वय बावन्न, बायको आणि मुलं. तुझे वडील सहा वर्षांचे आहेत, तेव्हा माणूस आपलाच, यात शंका नाही. तिथे दोन रकाने असतात, वाचता येत नाही आणि लिहिता येत नाही. त्यांच्या नावापुढे दोन्हींत खूण आहे. तेव्हा कुणी मालक समोर नव्हता, आत्या. दारात आलेल्या शिरगणतीवाल्याने विचारलं आणि त्यांनी सांगितलं.

डी. म्हणजे डॉर्कस. एप्रिल १८६८मध्ये तिने ब्युरोच्या शिक्षणाधिकाऱ्याला पत्र घातलंय, त्याखाली पूर्ण सही आहे. ती लिहिते की आपलं वय सतरा. ऑगस्टामधल्या ज्या घरी ती लहानपणी कामाला होती तिथे मालकिणीची मुलं धडे म्हणत, ते ऐकून ती वाचायला शिकली. आई लढाईच्या शेवटच्या वर्षी तापाने गेली. वडिलांनी आणि इतर पाच जणांनी रविवारी लाकडं तोडून शाळेची खोप उभारली. तिने वीस पुस्तकं आणि खडू मागितले आहेत. पुढे ती म्हणते की छप्पर गळतं, पण त्याचं ब्युरोने मनावर घेऊ नये, ते आम्ही बघू. मला ती आवडली. बोलणं तुझ्यासारखं आहे.

मग मी हजेरीची यादी उघडली. एकतीस नावं आहेत, बहुतेक सहा ते चौदा वयाची. शेवटचं नाव, होझिया टॉलिव्हर, वय चाळीस, पहिलं पुस्तक, पान आठवं.

ते तिचे विद्यार्थी होते. डॉर्कस त्यांच्या पहिल्या बायकोची मुलगी. म्हणजे ती तुझी आत्या, जशी तू माझी.

तुला हे कसं वाटेल ते मला कळतं. पण दगडावर अक्षरं उमटल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. सप्टेंबर १८६८नंतर एकही तक्ता नाही. शाळा एकदम बंद पडलेली दिसते. कारण शोधू का?

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी,
कॉर्लिस


हेझलरिज
१२ नोव्हेंबर १९८१

चि. कॉर्लिस हिस, अ. आ.

पत्र मिळालं. समितीला मी ते दाखवलेलं नाही.

तुला एक गोष्ट सांगते, ती तुझ्या बापालाही ठाऊक नाही. १९७० साली आपली टॉलिव्हर शाळा बंद करून मुलं गोऱ्यांच्या शाळेत नेली, तेव्हा मी एकोणीस वर्षं मुख्याध्यापिका होते. काउंटीच्या शिक्षण मंडळाने आम्हां सगळ्या शिक्षकांना एकेक करून बोलावलं. बावीस जणांतल्या सात जणांना ठेवलं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या मुलाच्या वयाच्या एका माणसाने विचारलं की तुम्ही शिकवू शकता याचा दाखला काय. माझ्याकडे दोन पदव्या होत्या, त्या त्याच्यासमोर टेबलावरच होत्या. मी त्या दाखवल्या नाहीत. मी म्हणाले, या गावातली पहिली शाळा माझ्या आजोबांनी काढली, तुमचे आजोबा तेव्हा कुठे होते ते मला ठाऊक नाही. मग त्यांनी मला पाठ्यपुस्तकांच्या कोठीत बसवलं. तिथे मी चार वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाले.

त्या कोठीला खिडकी नव्हती. मी तिथे ज्या वाक्याच्या आधाराने बसले ते तू आता खोडून काढते आहेस. खरं असेलही. पण तुला शोधायला मी पाठवलं होतं, खोडायला नाही.

आता दफ्तरखान्यात जाऊ नकोस. शनिवारी झोप काढ.

आत्या


वॉशिंग्टन
५ डिसेंबर १९८१

ती. आत्यास,
कॉर्लिसचा शि. सा. न. वि. वि.

तू जाऊ नकोस म्हणालीस आणि मी गेले. आधी हे पत्र पूर्ण वाच, मग हवी तेवढी लाल शाई वापर.

ब्युरोच्या कागदांत एक गठ्ठा वेगळाच आहे. आपल्या माणसांवर झालेल्या मारहाणीच्या जबान्या त्यात आहेत. ऑक्टोबर १८६८च्या जबान्यांत होझिया टॉलिव्हरची जबानी आहे. दोन पानं आहेत, अधिकाऱ्याच्या अक्षरातली. तो प्रश्नही लिहितो आणि उत्तरही. मी ती तीनदा वाचली. जे आहे तेच लिहिते.

दुपार कलली होती. मुलं घरी गेली होती. होझिया शाळेच्या दाराशी लाकडं फोडत होते. डॉर्कस दोन मुलींना घेऊन झऱ्यावर पाट्या धुवायला गेली होती. पाच घोडेस्वार आले, तोंडाला फडकी बांधलेली. त्यांनी विचारलं, ही शाळा कोण चालवतं. होझिया म्हणाले, मी.

त्यांच्यातला एक जण म्हणाला की यांची मास्तरीण पोरगी आहे असं आम्ही ऐकलं. होझिया म्हणाले, पोरगी काय चालवणार, ती झाडलोट करते. मग त्या माणसाने आतल्या बाकावरचं पुस्तक आणून त्यांच्या हातात कोंबलं आणि म्हणाला, वाच. होझियांनी पुस्तक उघडलं आणि बैलाचा धडा म्हटला. तो त्यांना ऐकून ऐकून पाठ होता. मुलं जिथे पान उलटत, तिथे त्यांनीही उलटलं. अधिकाऱ्याने विचारलंय, त्या माणसाला शंका आली नाही का? उत्तर असं आहे की तो माझ्या खांद्यावरून बराच वेळ पुस्तकाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, बरोबर वाचतोय. तेव्हा मला कळलं की त्यालाही येत नाही.

त्यांनी होझियांचा उजवा हात लाकडं फोडायच्या ठोकळ्यावर ठेवला आणि कुऱ्हाडीच्या पाठीने चार बोटं मोडली. म्हणाले, आता लिही. मग शाळेला आग लावून गेले. डॉर्कस आणि दोघी मुली झऱ्याकाठच्या झुडपांत होत्या. त्यांना काही झालं नाही.

शेवटी अधिकाऱ्याने विचारलंय की तू शिक्षक नसताना असं का सांगितलंस. उत्तर जसंच्या तसं लिहिते. तिच्याकडे एकतीस पोरं आहेत, मी अकराव्या पानावर आहे, आमच्यातलं कोण गेलं तर चालेल ते साहेब तुम्हीच सांगा.

खाली फुली आहे. १८६७च्या करारावरची फुली सरळ होती. ही वाकडी आहे, डाव्या हाताची. अधिकाऱ्याने कडेला टीप लिहिलीय की मुलीला दुसऱ्या काउंटीत पोचवलं आहे, ठिकाण मुद्दाम नोंदवलेलं नाही.

मी काही खोडलं की नाही ते आता तूच ठरव. यंत्र बंद करून मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. पहारेकऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का. मी सांगितलं, घरची बातमी आली आहे.

तुझी,
कॉर्लिस


हेझलरिज
२० डिसेंबर १९८१

चि. कॉर्लिस हिस,
एल्मिरा आत्याचे अ. उ. आ.

तुझ्या पत्रात एकही चूक नाही.

वडील सांगत की आजोबांची बोटं सरकी काढायच्या यंत्रात सापडून वाकडी झाली. त्यांना तसंच सांगितलेलं असणार. डॉर्कसचं नाव आमच्या घरात कधीच निघालं नाही. आजोबांनी पुढे दुसरं लग्न केलं, आणि त्या मुलांना आपल्याला एक थोरली बहीण आहे हे कळू दिलं नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तोंड मिटलं. गावाने मिळून एका माणसाला मास्तर म्हणायचं ठरवलं आणि सव्वीस काय, शंभर वर्षं तसंच म्हटलं. मिसेस ग्रीअर १८६८मध्ये दहाएक वर्षांच्या असतील. मला आता वाटतं की झऱ्यावरच्या दोन मुलींपैकी त्या एक असाव्यात. पण हे नुसतं माझं वाटणं आहे.

रविवारी तुझं पत्र मी समितीपुढे वाचून दाखवलं. मग डीकन पर्व्हिस म्हणाले की आता दगडावर होझियाचं नाव कसं घालायचं, त्यांना तर वाचता येत नव्हतं. त्यावर कोषाध्यक्षीण बाई उसळल्या, की नाव काढायचं असेल तर बोटं आधी परत द्या. भांडण जुंपलं. पाद्री मॅबरींनी प्रार्थना सांगून सभा संपवली. दगडवाल्याला थांबायला सांगितलं आहे.

ती पुढे कुठे गेली, हे मला कळायला हवं. दफ्तरखान्याने जे नोंदवलं नाही ते तिथे मिळायचं नाही. पण आपल्या शिक्षकांची जुनी संघटना १९७०मध्ये गुंडाळली गेली, तेव्हा तिच्या वार्षिक सभांची पुस्तकं कुणालाच नको होती. मी खोकी घरी आणली होती. गेले आठ दिवस जेवणाच्या टेबलावर तीच पसरली आहेत, त्यामुळे मी उभ्याने जेवते. काल १९११चं पुस्तक उघडलं. सर्वांत जुन्या शिक्षकांचा सत्कार आहे. त्यात मिसेस डॉर्कस स्ट्रोझियर, शाळा पाइन लेव्हल, जन्मगाव हेझलरिज, सेवा त्रेचाळीस वर्षं.

हिशेब केलास का? म्हणजे १८६८च्या शरदापासून. इथलं वर्ष तिने मोजलेलंच नाही.

पाइन लेव्हल इथून बासष्ट मैल आहे. तिथल्या चर्चला पत्र टाकलं आहे. नाताळला ये. टेबल रिकामं करीन.

सुखी राहा. शनिवारी झोपू नकोस.

आत्या


हेझलरिज
९ मार्च १९८२

चि. कॉर्लिस हिस, अ. उ. आ.

पाइन लेव्हलच्या चर्चकडून उत्तर आलं होतं की डॉर्कसबाई १९३१ साली वारल्या, पण त्यांची धाकटी मुलगी आहे. शनिवारी पाद्री मॅबरींनी मला गाडीतून नेलं. तिचं नाव पर्मीलिया, वय अठ्ठ्याऐंशी, माझी आतेबहीण. सदुसष्टाव्या वर्षी मला आतेबहीण मिळाली. तीही शिक्षिका होती का, हे मी विचारलंच नाही. खुर्ची ज्या तऱ्हेने माझ्याकडे वळवली त्यावरूनच कळलं.

तिच्या नातीने लिंबाचं सरबत आणि टी-केक आणले. पर्मीलियाने त्यांच्या घरातली हकीकत सांगितली. हेझलरिजची शाळा जाळली त्या दिवशी डॉर्कसला रातोरात इकडे आणलं. दोन आठवड्यांनी चर्चचा एक माणूस खेचरावर बसून आला आणि त्याने निरोप दिला की तुझे वडील त्या मारातून उठले नाहीत. मरताना एवढंच म्हणाले की पोरीला परत येऊ देऊ नका, जिथे आहे तिथे शिकवू दे. दर वर्षी ऑक्टोबरात एक दिवस डॉर्कस शाळा लवकर सोडी आणि एकटीच वर्गात बसून रडे. मुलांना तेव्हा आत जायची बंदी होती.

मी मध्ये बोलायला नको होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं की ते गेले नव्हते, ते १८९४पर्यंत जगले, दुसरं लग्न केलं, पाच मुलं झाली, मी त्यांतल्या तिसऱ्याची.

पर्मीलियाने विचारलं की हेझलरिज इथून किती लांब आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे बासष्ट मैलांवर एक माणूस रोज सकाळी उठून नाश्ता करत होता आणि माझी आई त्याच्यासाठी रडत होती. मी म्हटलं, ती परत आली असती तर तिला मारून टाकलं असतं, म्हणून त्यांनी खोटा निरोप धाडला असेल. त्यावर ती म्हणाली, सव्वीस वर्षांत एक खरा निरोप धाडायला एकही खेचर मिळालं नाही का. तुला याचं उत्तर सुचतंय का?

मग तिने नातीला माझी टोपी आणायला सांगितली. मला घराबाहेर काढलं असं म्हणता येणार नाही, कारण आम्ही ओसरीवरच बसलो होतो.

परत येताना पाद्री मॅबरी वाटभर हवामानाविषयी बोलले. मला बोटांचा अभिमान वाटत होता तोवर सगळं सोपं होतं. ज्या माणसाने बोटं दिली त्यानेच ते खोटंही धाडलं. समितीला काय सांगायचं ते मला कळत नाही. तुला कळलं तर लिही.

आत्या


पाइन लेव्हल, जॉर्जिया
४ एप्रिल १९८२

चि. एल्मिरा हिस,
तुझी आतेबहीण पर्मीलिया स्ट्रोझियर हिचे अ. आ.

अक्षर वाकडंतिकडं आलं आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि उजवा कंटाळला आहे. तरी नातीकडून लिहवून घेणार नाही. हे मला स्वतःच लिहायचं आहे.

टोपी मागवली ते उद्धटपणाचं झालं. सरबत तरी संपू द्यायला हवं होतं. राग मात्र खरा होता आणि तो चांगले तीन आठवडे टिकला. चौथ्या आठवड्यात मला आईच्या बायबलची आठवण झाली. त्यात कुटुंबाच्या नोंदींची पानं असतात, तिथली दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. आम्ही भावंडं समजत होतो की ओल लागली असेल. परवा बोट फिरवून पाहिलं तर ती कडेकडेने चिकटवलेली निघाली, पिठाच्या खळीने, शाळेत तक्ते चिकटवतात तशी सफाईने. ही ओल नव्हे, हे एका शिक्षिकेचं काम आहे. नातीने किटली ठेवली, वाफ दिली. अर्ध्या तासात पानं सुटली.

आईचंच अक्षर आहे. तिला ठाऊक होतं, एल्मिरा. १८७९ साली सुया-दोरे विकणारा एक फेरीवाला आमच्या दारी आला. त्याने गप्पांच्या ओघात हेझलरिजच्या म्हाताऱ्या मास्तरांचं नाव घेतलं. उजवा हात असा असा, म्हणून करून दाखवला. आईने दोरा घेतला आणि त्याला जेवू घातलं. ती लिहिते, त्या पाच घोडेस्वारांपैकी एक आता तिथला शेरीफ आहे. मी गेले तर लोक विचारतील ही कोण, आणि मग वडील खरे कोण हेही विचारतील. त्यांनी आपण मेल्याचं मला कळवलं ते मी जगावं म्हणून. मी ते मानलं, तर ते जगतील.

म्हणजे ती पंधरा वर्षं जाणून होती, आणि तिकडे त्यांना वाटत होतं की तिला काही ठाऊक नाही. त्या वर्षांत ऑक्टोबरातल्या त्या दिवशी ती मेलेल्या माणसासाठी रडत नव्हती. कशासाठी रडत होती ते आता तूही जाणतेस. मी ज्याच्यावर रागावले होते त्याच्यावर ती रागावली नाही, तेव्हा मी कोण?

तुमच्या समितीला माझं म्हणणं सांग. आजोबांचं नाव काढू नका. माझ्या आईचं शेजारी घाला, आणि तिचं हेझलरिजचं वर्ष मोजा. कोण पहिलं यावर भांडू नका. ते दोघं त्यावर भांडले नव्हते.

मे महिन्यात मी येणार आहे. नात गाडी चालवेल. तुझ्या त्या वॉशिंग्टनच्या भाचीला बोलाव, मला तिला बघायचं आहे. मला पुढच्या रांगेत नेऊन बसवू नका आणि भाषण करायला लावू नका, जन्मभर केली आहेत. तुमच्या चर्चमध्ये मी नवखी असेन असं मात्र समजू नकोस. त्या पानावरची शेवटची नोंद उतरवून देते. वर तारीख आहे, मार्च १८९४.

वडील आपल्या अंथरुणात, आपल्या माणसांत गेले. मी मागच्या बाकावर बसले होते. कुणी ओळखलं नाही. पर्मीलिया मांडीवर होती, सहा महिन्यांची, रडली नाही. पाद्री म्हणाले, हा या गावचा पहिला शिक्षक. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

राग सरला आहे. लोभ उशिरा सुरू झाला, तो पुरवून वापरू.

तुझी,
पर्मीलिया